वटवाघळांचे वेळापत्रक

संध्याकाळच्या रोल कॉलला मैदानावरून संथ पंख मारत जाणारी मोठी वटवाघळे काही महिने भरपूर दिसतात, तर काही महिने जवळजवळ दिसतच नाहीत. थंडीमुळे ती निघून जातात, असा बऱ्याच जणांचा समज असतो. युरोपातली वटवाघळे हिवाळ्यात किडे मिळेनासे झाले की गुहांत किंवा ढोलीत झोपून राहतात, हे खरे. पण बेंगळुरू सुमारे ९०० मीटर उंचीवर असूनही इथे तशी वेळ येत नाही. इथल्या फळे खाणाऱ्या वटवाघळांची ये-जा झाडे ठरवतात.

हिवाळ्यात पांढरी सावर पाने गाळून फुलते. (लालबागेतला तिचा जुना, अजस्र वृक्ष पाहिला नसेल, तर पुढच्या आउटपासला जरूर पाहा.) तिची फुले रात्री उमलतात. वटवाघळे मध प्यायला येतात आणि अंगाला चिकटलेले परागकण दुसऱ्या झाडावर नेतात. पुढे आंबा, जांभूळ. वड आणि उंबर मात्र प्रत्येक झाड आपल्या सवडीने फळते. त्यामुळे या महिन्यात गजबजलेला रस्ता पुढच्या महिन्यात सुना. वळीव पडल्यावर वाळवीचे पंखवाले किडे दिव्यांभोवती जमतात, तेव्हा किडे खाणाऱ्या इवल्या पाकोळ्या गिरक्या घेऊ लागतात. त्या प्रतिध्वनीवरून शिकार हेरतात. मोठे वटवाघूळ डोळे आणि नाक वापरते. ते आंधळे असते, ही निव्वळ थाप.

मोठ्या वटवाघळाच्या मादीला वर्षाला बहुधा एकच पिल्लू होते, तेही उन्हाळ्याच्या आसपास. सुरुवातीला ते आईच्या छातीला बिलगून असते. मे २०१८ मध्ये केरळात कोझिकोडला निपाहची साथ आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने निदान पक्के केले आणि वटवाघळांची भीती सगळीकडे पसरली. अशा वेळी झाड तोडा, फटाके लावा, अशी मागणी होते. पण हुसकावलेली वटवाघळे नाहीशी होत नाहीत, दुसरीकडे पांगतात. त्यांनी कुरतडलेले फळ खाऊ नका आणि खाली पडलेल्या वटवाघळाला हात न लावता शिक्षकांना सांगा. खबरदारी म्हणून एवढे पाळाच.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात ही वटवाघळे उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच रद्द झाली.

आवारातले एक झाड निवडा. ते कधी फुलले, कधी फळले आणि त्या संध्याकाळी किती वटवाघळे आली, हे वहीत वर्षभर टिपा. शून्य आले तरी लिहा.