काजूला घेऊन गडावर जाण्याआधी

दापोली

चि. अद्वैत,


तुझी यादी वाचली. नाताळच्या सुट्टीत कळसूबाई, तिथून उतरून भंडारदऱ्याला तंबूत मुक्काम, मग मार्चमध्ये वेळासला कासवांची पिल्लं बघायला. आणि सगळीकडे काजू बरोबर. कुत्र्याला घरात कोंडून आपण फिरायला जाणाऱ्यांतला तू नाहीस, याचा मला फार आनंद झाला. तरीही यादीतली तिन्ही ठिकाणं मी खोडते आहे. का, ते सविस्तर लिहिते, म्हणजे पुढच्या याद्या तुझ्या तुला करता येतील.

माणूस दमला की बसतो, कुरकुरतो, परत फिरू म्हणतो. कुत्रा तसं करत नाही. मालक पुढे चालतोय तोवर तो मागून येत राहतो, तळपाय सोलवटले तरी आणि अंग तापलं तरी. गडावरून थेट दवाखान्यात उचलून आणलेली कुत्री मी पाहिली आहेत. मालक बहुतेक एकच वाक्य बोलतात, ‘अगदी शेवटपर्यंत छान चालत होता हो!’ कुठे थांबायचं ते काजू तुला सांगणार नाही. ते तू ठरवायचंस, आणि घरून निघण्याआधी ठरवायचंस.

डिसेंबर आहे, थंडी आहे, एवढ्यावर निर्धास्त राहू नकोस. आपल्याला अंगभर घाम येतो. कुत्र्याला तो जेमतेम तळव्यांना येतो. बाकी सगळी उष्णता त्याला धापा टाकूनच बाहेर काढावी लागते. सह्याद्रीचा काळा कातळ सकाळी दहानंतर थंडीतही तापायला लागतो, आणि काजूचं पोट त्या कातळापासून जेमतेम वीतभर वर असतं. दगडावर तळहात उलटा ठेवून मनात सातपर्यंत मोज. हात ओढून घ्यावासा वाटला, तर ती वाट त्याच्यासाठी बंद. त्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. ते १०४ च्या पुढे जाऊ लागलं की चालणं थांबलंच पाहिजे, आणि १०६ म्हणजे जिवावरचं दुखणं. थर्मामीटर हाताशी नसेल तेव्हा जिभेकडे बघ: लांब बाहेर आलेली, गडद लाल जीभ, दाट चिकट लाळ, पाय लटपटणं, ओकारी. असं दिसलं तर सावलीत ने, असेल तेवढं पाणी अंगावर ओत आणि वारा घाल. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नकोस, आतली उष्णता आतच कोंडते. आधी अंग गार कर, मग गाडीत घाल. दवाखाना दूर असेल तर वाटेतही पाणी ओतत राहा. काजू नशीबवान आहे, त्याचं नाक लांब आहे. तुझ्या मित्राच्या पगला मात्र गडाच्या वाटेला लावू नका. बसक्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकूनही पुरेशी हवा मिळत नाही.

आता कळसूबाई. १६४६ मीटरचं शिखर, वाटेत लोखंडी शिड्या. शिडीवर कुत्र्याला काखेत घेऊन चढणं दोघांच्याही जिवाशी खेळ. पण शिड्या नसत्या तरी मी नाहीच म्हटलं असतं, कारण तो डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. अभयारण्यात पाळीव कुत्रा न्यायचाच नसतो. तिथे राहणाऱ्या जिवांना कुत्र्याचा नुसता वास पुरतो. भेकरं आपली नेहमीची जागा सोडतात, जमिनीवर घरटं करणारे पक्षी उठून जातात. शिवाय आपल्या कुत्र्यांचे आजार जंगलात शिरतात. २०१८ साली गीरमधले बरेच सिंह मेले, त्यांतल्या काहींमध्ये कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. कुत्र्याला पिल्लूपणी ज्याची लस टोचतात तोच हा आजार. भीमाशंकर, कोयना, राधानगरी, फणसाड, कर्नाळा या सगळ्यांना हेच लागू. कासच्या पठारावरही नको. तिथल्या फुलांना माणसांचेच पाय जड झाले आहेत.

आणि तंबू. कळसूबाईच्या ज्या अकोले तालुक्यात तू उतरणार, तिथेच वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. उसाच्या शेतांमधून वावरणाऱ्या त्या बिबट्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने जवळजवळ ४० टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. तंबूबाहेर खुंटीला बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला दिलेलं आमंत्रण, आणि तंबूच्या कापडाआड झोपलेला कुत्राही फारसा सुरक्षित नाही. जुन्नर, अकोले, संगमनेर या पट्ट्यात काजूला घेऊन जाशील तेव्हा पक्क्या घरात मुक्काम कर, अंधार पडायच्या आत दार लाव, आणि रात्री त्याला शू करायला एकट्याला सोडू नकोस. पट्टा हातात आणि बॅटरी चालू ठेवून स्वतः बरोबर जा.

यापेक्षा कोरीगड कर. लोणावळ्याच्या पुढे पेठ शहापूरहून पायऱ्यांची वाट आहे, शिडी कुठे नाही, तटबंदी बरीच शाबूत आहे, माथा चांगला ऐसपैस आणि वर दोन तळी. शनिवार-रविवारी गर्दी उसळते, म्हणून आडवार बघ. उजाडता उजाडता चढायला लाग आणि ऊन चढायच्या आत पायथ्याशी परत ये. तटावरून फिरताना पट्टा सोडायचा नाही. माकडामागे धावलेल्या कुत्र्याला तटाची कड दिसत नाही. पट्टा गळ्याला नको, छातीवरून येणारा हार्नेस घे. घसरला तर गळफास बसणार नाही आणि पाठीवरच्या मुठीला धरून वर ओढता येईल. कोराईदेवीच्या देवळात तू आणि तुझा मित्र एकदम जाऊ नका, एकाने बाहेर काजूपाशी थांबा. गुरं-शेरडं दिसली की लांबूनच वळसा घाल. गुराख्याचं एक करडू बिथरून कड्यावरून गेलं, तर त्याचं वर्षाचं गणित मोडतं.

तोवर पुण्यातल्या वेताळ टेकडीवर त्याला रोज चालव, अंतर हळूहळू वाढव. आठवडाभर सोफ्यावर लोळलेल्या कुत्र्याचे तळवे एका रविवारी गड चढायला तयार होत नाहीत. वय विचारायचं राहिलं. दीड वर्ष उलटलं असेल तरच मोठी चढण. त्याआधी हाडं अजून वाढत असतात.

पावसाळ्यानंतरच्या या दिवसांत सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे कुसळ. डोंगरउतारावरचं गवत वाळलं की त्याची कुसळं कुत्र्याच्या केसांत अडकतात आणि पुढे पुढे सरकत जातात, बोटांच्या बेचक्यात, कानात, कधी डोळ्यातसुद्धा. बाहेरून काही दिसत नाही, आणि चार दिवसांनी पंजा सुजून पू होतो. गड उतरल्यावर चहा मागवण्याआधी प्रत्येक बोटाची बेचकी आणि दोन्ही कान तपास. त्याच हाताने गोचिडीही शोध. गोचिडतापाने कुत्रा आठवडाभरात पांढराफटक पडतो, रक्तातल्या पेशी घटतात. गोचिडीचं औषध निघायच्या आधीच दिलेलं हवं. कोकणात यायचं तर लेप्टोची लसही बघ. तिचे पहिल्यांदा दोन डोस लागतात, मग दरवर्षी एक. त्यामुळे ऐन वेळी जमत नाही. रेबीजची तारीखही लसीच्या पुस्तिकेत पाहून घे. गावातली कुत्री अंगावर आली आणि चावलीच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धू आणि लस झालेली असली तरी दवाखाना गाठ. त्या झटापटीत तुला दात किंवा ओरखडा लागला तर तुझीही लस त्याच दिवशी.

पाणी. काजू साधारण अठरा किलोचा म्हणतोस, म्हणजे घरी बसून त्याला दिवसाला लिटरभर लागतं. चढणीच्या दिवशी त्याच्या वाट्याचं दोन लिटर वेगळं धर, आणि दर अर्ध्या तासाला थोडं थोडं पाज. पायथ्याची कांदाभजी त्याला द्यायची नाही. कांद्याने कुत्र्याचं रक्त नासतं. तुमच्या सॅकमधले मनुके आणि चॉकलेटही नको. अंग दुखतंय म्हणून तुमच्यातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन तर अजिबात नको. गाडीच्या प्रवासाआधी तीन-चार तास पोट रिकामं ठेव. ‘पाचच मिनिटं’ म्हणून त्याला बंद गाडीत सोडून कुठेही उतरू नका. तीस अंश सेल्सियसच्या उन्हात दहा मिनिटांत आतली हवा चाळीस अंशांपर्यंत जाते.

आजीकडे नागपूरला रेल्वेने न्यायचा विचार असेल तर ऐक: स्लीपर, थ्री टायर, टू टायरमध्ये कुत्रा चालत नाही. फर्स्ट एसीचा कूपे किंवा केबिन पूर्ण तुमच्या नावावर असेल तरच तो सोबत बसतो, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. त्या पेटीत मी काजूला घालू देणार नाही.

राहिलं वेळास. कासविणी साधारण नोव्हेंबरपासून रात्री वाळूत अंडी घालतात. कुत्री आणि कोल्हे ती उकरून काढतात, म्हणूनच सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली तिथे अंडी कुंपणाच्या आत हलवून जपायला सुरुवात केली. ज्या किनाऱ्यावर गावातली माणसं रात्री जागून कुत्र्यांना हाकलतात, तिथे आपण शहरातून आपला कुत्रा घेऊन उतरायचं नाही. आंजर्ल्यालाही तेच.

पण तू ये, नक्की ये. दोन दिवस आधी कळव. काजूला माझ्या अंगणात ठेव आणि तू पहाटे एकटा वेळासला जा. परत आलास की मी तुम्हाला कासवं येत नाहीत अशा किनाऱ्यावर नेईन, ओहोटीला, ऊन उतरल्यावर. तिथेही पट्टा राहील, कारण जाळ्यांतून टाकलेले केंड मासे वाळूत पडलेले असतात आणि एक खाल्लेला केंड कुत्र्याचा जीव घ्यायला पुरतो. खारं पाणी तो प्यायला नको, म्हणून गोडं पाणी आपण घेऊन जाऊ. येताना लसीची पुस्तिका आण, आणि त्याचा रोजचा खुराकही तिकडूनच आण; इथे अचानक मासे-भातावर आणलास तर त्याचं पोट बिघडेल.

आईला नमस्कार सांग. काजूच्या तळव्यांचे फोटो पाठव, सध्या किती टणक झालेत ते बघते.

तुझी,
मावशी