‘येते’ आणि ‘पाहिजे’ यांचे इंग्रजी



शाळेचा निरोप घेऊन तुमच्यापैकी पुष्कळ जण लवकरच महाविद्यालयाची पायरी चढतील. बेळगावच्या मुलाला तीन भाषांची सोबत लहानपणापासूनच लाभते. घरी मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड, आणि दप्तरात इंग्रजी. मात्र शाळेत इंग्रजी हा अनेक विषयांपैकी एक विषय असतो. महाविद्यालयात बहुतेक विषयांकडे जाण्याची वाटच इंग्रजीतून जाते. आपल्या गावात १९९८ साली विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ स्थापन झाले आणि २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ. विद्यापीठ दाराशी आले. आता त्याच्या दारात उभे राहून बोलावयाचे कसे, एवढाच प्रश्न उरला.

हा प्रश्न लहान नाही. आमच्या एका माजी विद्यार्थ्याची हकीकत यासाठीच सांगतो. मुलगा हुशार, स्वभावाने अत्यंत विनयशील. महाविद्यालयात गेल्यावर पहिल्याच वर्षी त्याला ताप आला आणि प्रयोगवही वेळेवर देता आली नाही. त्याने प्राचार्यांच्या नावे इंग्रजीत अर्ज लिहिला. मनात मराठी वाक्य होते, ‘मला आठ दिवसांची मुदत मिळाली पाहिजे.’ कागदावर उतरले ते असे : ‘यू मस्ट गिव्ह मी एट डेज.’ अर्ज वाचणारे गृहस्थ संतापले. ‘हुकूम करणारा तू कोण?’ असे म्हणून त्यांनी कागद परत केला. मुलगा डोळ्यांत पाणी आणून आमच्याकडे आला. आपले काय चुकले, हेच त्याला उमगत नव्हते. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात एकही चूक नव्हती! चूक होती ती ‘पाहिजे’ या शब्दाच्या भाषांतराची.

तेव्हा आज आपण दोनच गोष्टींचा विचार करू. ‘मला अमुक करता येते’ हे इंग्रजीत कसे सांगावे, आणि ‘मला अमुक केले पाहिजे’ हे कसे सांगावे. पहिली गोष्ट सामर्थ्याची, दुसरी कर्तव्याची.

प्रथम आपल्या भाषेकडे पाहू. ‘मला पोहता येते’ या वाक्यात ‘मी’ प्रथमेत नाही. तो ‘मला’ होऊन बाजूला बसला आहे. पोहणे ही जणू कोठून तरी येणारी गोष्ट आहे आणि ती माझ्याकडे आली आहे. ‘मला जावे लागते’ यातही तेच. जाणे मला येऊन लागते, चिकटते. ‘पाहिजे’ हा शब्द तर ‘पाहणे’ या धातूच्या जुन्या कर्मणी रूपापासून आला आहे. ज्याची वाट पाहिली जाते, जे हवे असते, ते पाहिजे. तात्पर्य, मराठीत विद्या माणसाकडे येते आणि कर्तव्य माणसाला लागते. इंग्रजीत मात्र माणूस वाक्याच्या आरंभी प्रथमेत उभा असतो : ‘आय कॅन’, ‘आय मस्ट’. कन्नड या दोहोंच्या मध्ये आहे. ‘ननगे कन्नड बरुत्तदे’ हे हुबेहूब आपल्या ‘मला कन्नड येते’सारखे; परंतु ‘नानु होगबेकु’, म्हणजे ‘मला गेले पाहिजे’, यात ‘नानु’ हा ‘मी’च आहे, ‘मला’ नव्हे. ज्यांना कन्नड येते त्यांना इंग्रजीची ही ठेवण म्हणूनच अपरिचित वाटू नये.

आता सामर्थ्याचा विचार. मराठीत त्याच्या छटा अनेक आहेत. कौशल्य असेल तर ‘मला पोहता येते’, शक्ती नसेल तर ‘माझ्याच्याने चालवत नाही’, आणि सर्वसाधारणपणे ‘मी करू शकतो’. इंग्रजीत या सर्वांसाठी ‘कॅन’ हा एकच शब्द पुरतो. गंमत अशी की ‘कॅन’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘जाणणे’ असा होता. संस्कृतातील ‘ज्ञा’ हा धातू, आपले ‘जाणणे’ आणि इंग्रजी ‘कॅन’ ही एकाच प्राचीन कुळातील भावंडे आहेत.

‘कॅन’ वापरताना तीन नियम ध्यानात ठेवावेत. पहिला, त्याच्यापुढे क्रियापद मूळ रूपात येते. ‘ही कॅन गो’ बरोबर. ‘ही कॅन गोज’ किंवा ‘ही कॅन टु गो’ चूक. दुसरा, ‘कॅन’ आणि ‘एबल’ यांना एका म्यानात कोंबू नये. ‘आय कॅन एबल टु डू’ हे वाक्य आम्ही उत्तरपत्रिकांतून किती वेळा वाचले असेल, त्याची गणती नाही. ‘आय कॅन डू’ म्हणावे अथवा ‘आय ॲम एबल टु डू’ म्हणावे. भविष्यकाळात ‘विल कॅन’ असे होत नाही, तेथे ‘विल बी एबल टु’ हेच घ्यावे लागते. तिसरा नियम भूतकाळाचा. ‘लहानपणी मला झाडावर चढता येत असे’ या नेहमीच्या सामर्थ्यासाठी ‘कुड’ योग्य. परंतु ‘काल मला शेवटची बस गाठता आली’ असे एकाच प्रसंगीचे यश सांगावयाचे असेल, तर ‘आय वॉज एबल टु कॅच द लास्ट बस’ असे म्हणणे इष्ट. बस चुकली असेल, तर मात्र ‘आय कुड नॉट कॅच इट’ हे निःशंक म्हणावे.

जाता जाता उच्चाराविषयी एक सूचना. ‘कुड’, ‘शुड’, ‘वुड’ या तिन्ही शब्दांच्या लेखनात ‘ल’चे अक्षर आहे, पण ते उच्चारावयाचे नाही. ‘शुड’ आणि ‘वुड’ यांत ते पूर्वापार चालत आलेले आहे. ‘कुड’मध्ये ते केवळ या दोघांच्या अनुकरणाने शिरले. शब्दांनाही शेजाऱ्यांची सवय लागते ती अशी!

आता कर्तव्याकडे वळू. खरी अडचण येथेच आहे. मराठीतील ‘पाहिजे’ हा शब्द हलकेही ओझे उचलतो आणि जडही. ‘विद्यार्थ्याने रोज थोडे वाचन केले पाहिजे’ हा उपदेश होय. ‘परीक्षेचा अर्ज आज पाचच्या आत दिलाच पाहिजे’ ही सक्ती होय. दोन्हीकडे ‘पाहिजे’ एकच. सक्ती दाखविण्याचे काम बहुधा तो चिमुकला ‘च’ करतो. इंग्रजीत हा ‘च’ नाही. म्हणून तेथे शब्दच बदलावा लागतो. उपदेशाला ‘शुड’ आणि सक्तीला ‘मस्ट’. भाषांतर करण्यापूर्वी स्वतःला विचारावे, ‘या पाहिजेमध्ये च आहे काय?’ असेल तर ‘मस्ट’, नसेल तर ‘शुड’. ‘ऑट टु’ हा शब्दप्रयोगही ‘शुड’च्याच जवळचा.

‘लागते’ याचे इंग्रजी निराळे. परिस्थितीने अथवा नियमाने आपल्यावर आलेली गोष्ट सांगताना ‘हॅव टु’ वापरतात. ‘मला रोज खानापूरहून यावे लागते’ म्हणजे ‘आय हॅव टु कम फ्रॉम खानापूर एव्हरी डे’. या अर्थाच्या ‘मस्ट’ला भूतकाळ नाही, तेथे ‘हॅड टु’ हेच उपयोगी पडते. आणि ‘मी जायला हवे होते’, पण गेलो नाही, अशी रुखरुख असेल तर ‘आय शुड हॅव गॉन’.

एका ठिकाणी मात्र दोन्ही भाषांची चाल विलक्षण जुळते. ‘तो आजारी असला पाहिजे’ या वाक्यात कर्तव्य नाही, अनुमान आहे. इंग्रजीतही ‘ही मस्ट बी इल’ असेच म्हणतात.

निषेधाच्या बाबतीत तर फारच सावध असावे. ‘मस्ट’ला ‘नॉट’ जोडले म्हणजे ‘गरज नाही’ असा अर्थ होत नाही. ‘करता कामा नये’ असा होतो. प्रश्नपत्रिकेविषयी कोणी म्हणाले, ‘यू डू नॉट हॅव टु आन्सर ऑल द क्वेश्चन्स’, तर सर्व प्रश्न सोडविण्याची गरज नाही. परंतु ‘यू मस्ट नॉट आन्सर ऑल द क्वेश्चन्स’ असे म्हटले, तर सर्व प्रश्न सोडविणे हाच अपराध. आपल्याकडे ‘उद्या यायला नको’ म्हणजे येण्याची गरज नाही. पण ‘तू तसे बोलायला नको होतेस’ यात बोलणे अनुचित ठरते. एकच ‘नको’ दोन्ही कामे करतो, म्हणूनच आपली फसगत होते.

विद्यापीठात गेल्यावर आणखी दोन शब्दांशी गाठ पडते, आणि ती नियमांच्या पुस्तकात. ते शब्द म्हणजे ‘शॅल’ आणि ‘मे’. नियमांच्या भाषेत ‘शॅल’ हा भविष्यकाळ नव्हे. ते बंधन आहे. ‘मे’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे. तो अधिकार अथवा मुभा आहे. याचे उत्तम उदाहरण आपल्या राज्यघटनेतच आहे. २००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१ क घटनेत आले. सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण राज्याने द्यावयाचे, हे त्यात सांगितले आहे. इंग्रजी पाठात शिक्षण देण्याच्या जागी ‘शॅल’ आहे. ते कोणत्या रीतीने द्यावयाचे हे कायद्याने ठरविण्याच्या जागी ‘मे’ आहे. एकाच वाक्यात बंधनही आहे आणि मोकळीकही. हा भेद ज्याला कळला त्याला नियमावली वाचता आली.

आता त्या विद्यार्थ्याच्या अर्जाकडे परत येऊ. आम्ही त्याला महाविद्यालयाची नियमपुस्तिका आणावयास सांगितली. योग्य कारण असल्यास प्राचार्य मुदत वाढवू शकतात, असा नियम तेथे होता आणि त्यात शब्द होता ‘मे’. मुदत देणे हा प्राचार्यांचा अधिकार होता. ते त्यांच्यावरचे बंधन नव्हते. ज्या ठिकाणी नियम ‘मे’ म्हणतो, तेथे अर्जदाराने ‘मस्ट’ म्हणणे हे केवळ उद्धटपणाचे दिसते असे नव्हे, ते वस्तुस्थितीलाही धरून नाही. तेथे विनंतीच शोभते.

विनंतीचे इंग्रजी ‘कुड’ने साधते. रूप भूतकाळाचे, अर्थ मात्र आताचाच. यात नवल वाटू नये. आपणही ‘सांगता का?’ यापेक्षा ‘सांगाल का?’ हे अधिक नम्र मानतो. नम्रतेसाठी मराठी भविष्याकडे सरकते, इंग्रजी भूतकाळाकडे. वर्तमानातील आग्रह सोडावयाचा, हे तत्त्व दोहोंचे एकच. त्या मुलाने दुसरा अर्ज लिहिला तो असा : ‘आय कुड नॉट सबमिट माय जर्नल इन टाइम, ॲज आय वॉज इल अँड हॅड टु स्टे इन बेड. कुड यू काइंडली अलाउ मी एट मोर डेज?’ पहा, सामर्थ्य, सक्ती आणि विनंती ही तिन्ही दोन वाक्यांत आपापल्या जागी बसली आहेत. मुदत त्याला मिळाली.

वर्गातही याच शब्दांचे साहाय्य होते. मराठी माध्यमातून गेलेला मुलगा पुष्कळदा मागच्या बाकावर गप्प बसून राहतो. विषय त्याला कळत नसतो असे नाही. ‘कळले नाही’ हे कसे सांगावे, ते कळत नसते. त्याने एवढेच पाठ करून ठेवावे : ‘सर, आय कॅनॉट फॉलो धिस स्टेप. कुड यू एक्स्प्लेन इट अगेन?’ या दोन वाक्यांवाचून आमच्या कित्येक गुणी मुलांचे वर्ष वाया गेलेले आम्ही पाहिले आहे.

स्वाध्याय म्हणून पुढील चार वाक्यांचे इंग्रजी करा. (१) मला कन्नड वाचता येते, पण लिहिता येत नाही. (२) ग्रंथालयाचे पुस्तक सोमवारी परत केलेच पाहिजे. (३) आज तास नाहीत, म्हणून आम्हांला थांबावे लागणार नाही. (४) मॅडम, मला दाखला उद्या मिळू शकेल का? पहिल्यात ‘कॅन’ आणि ‘कॅनॉट’, दुसऱ्यात ‘मस्ट’, तिसऱ्यात ‘विल नॉट हॅव टु’ आणि चौथ्यात ‘कुड’ आले असेल, तर हा पाठ तुम्हांला समजला असे आम्ही मानू.

शेवटी एकच गोष्ट सांगतो. ‘शॅल’ या शब्दाचा प्राचीन अर्थ ‘देणे लागणे’ असा होता, आणि ‘ऑट’ हे ‘ऋणी असणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे जुने भूतकाळी रूप आहे. म्हणजे इंग्रजांच्या पूर्वजांनीही कर्तव्याला ऋण मानले. आपल्याकडे ऋषिऋण अध्ययनाने फेडावे असे सांगितले आहे. दोन्ही विचार एकाच ठिकाणी येऊन मिळतात. तेव्हा ‘मला इंग्रजी येत नाही’ असे म्हणून खाली मान घालू नका. मराठीत विद्या ‘येते’ हे खरे. पण येणाऱ्यासाठी दार उघडावयास घरातल्या माणसाला उठावेच लागते.