आधी बघा, मग पैसे भरा

प्रश्न : मुलगी नववीत आहे. थर्माकोलची विमानं स्वतः बनवते, आता रिमोटवर उडवायची म्हणते. चांगला क्लब कसा ओळखायचा?
– एक पालक, बल्लारपूर

उत्तर : सुरुवात नागपूरच्या एनसीसी हवाई शाखेपासून करा. एरोमॉडेलिंग तिथल्या प्रशिक्षणाचाच भाग आहे. हौशी मंडळी कुठे उडवतात, हेही तिथेच विचारा.

पहिल्या दिवशी नुसतं बघत बसा. बॅटरी जोडताना कुणी पंख्यासमोर उभं असेल आणि कुणीच हटकत नसेल, तर तिथून निघा. बॅटरी जोडली की इलेक्ट्रिक मोटर निमूट तयार असते. रिमोटवरच्या थ्रॉटलला चुकून धक्का लागला तरी पंखा बोटं कापतो. चांगल्या ठिकाणी उडवणारे एका रेषेत, बाकीचे त्यांच्या मागे. नवख्याला दोन रिमोट जोडून शिकवतात : शिकणारा गोंधळला की गुरू दाबून धरलेलं बटण सोडतो आणि ताबा त्याच्याकडे येतो. मुलीनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिला देतात की तुम्हाला, हे नक्की बघा. माझ्या मते क्लबची खरी पारख तिथेच होते.

आपल्याकडच्या उन्हात लिथियम-पॉलिमर बॅटरी बंद गाडीत ठेवू नका, फुगलेली तर पुन्हा चार्जच करू नका. 2021 च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानंही येतात. मोरव्याची धावपट्टी जवळ आहे, म्हणून कुठे उडवायला परवानगी आहे, हे ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आधी तपासा. ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या आसपास तर उडवणं नकोच. विमान झाडोऱ्यात पडलं, तर मुलीला शोधायला पाठवू नका. आधी वनरक्षकांना कळवा.