पानफुटीचा आंबटपणा आणि वाळवंटांतील सग्वारो

आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या अंगणांत पानफुटी असेल. तिचें पान मातीवर टाकिलें कीं कडेस नवीं रोपें फुटतात, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या पानाची चव दिवसांतून पालटते, हें थोड्यांसच माहीत असतें. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेंत मद्रासकडे असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने यांनीं लंडनच्या लिनियन सोसायटीस कळविलें कीं, हें पान सकाळीं आंबट, दुपारीं बेचव व सायंकाळीं किंचित् कडवट लागतें. तें पत्र १८१५ सालीं छापलें गेलें. (पानांत विषारी द्रव्य असल्यानें विद्यार्थ्यांनीं जिभेनें परीक्षा करूं नये, पहाटेच्या व सायंकाळच्या रसाचा थेंब निळ्या लिटमस कागदावर टाकून पाहावा.)

हा आंबटपणा येतो कोठून? उत्तरासाठीं आम्ही वाचकांस अमेरिकेंतील ॲरिझोनाच्या सोनोरा वाळवंटांत नेतों. कारण पानफुटीची जी युक्ति, तीच तेथील सग्वारो नांवाच्या प्रचंड निवडुंगाचा प्राण आहे.

वनस्पतीस देह घडविण्यास कर्ब लागतो, व तो हवेंतील कर्बवायूपासून मिळतो. हा वायु ज्या सूक्ष्म छिद्रांतून आंत येतो, त्यांतूनच पाण्याची वाफ बाहेर जाते. दार एकच, कर्ब घ्यावा तर पाणी गमवावें लागतें. आपला आंबा हा व्यवहार दिवसां करितो. वाळवंटाच्या उन्हांत तसें केल्यास दिवाळेंच निघावयाचें! म्हणून सग्वारो दिवसां छिद्रें मिटून घेतो व रात्रीं, हवा निवाल्यावर, तीं उघडतो. रात्रीं प्रकाश नसल्यानें साखर बनत नाहीं. तेव्हां आलेला कर्ब तो मॅलिक आम्लाच्या रूपानें सांठवितो. कच्चें सफरचंद आंबट लागतें तें याच आम्लामुळें. दिवस उगवून दारें बंद झालीं कीं आम्लांतील कर्बवायु आंतल्या आंत मोकळा होतो व सूर्यप्रकाशानें त्याची साखर बनते. पानफुटीच्या चवीचें रहस्य हेंच.

पाण्याची सांठवण तर डोळ्यांनीं दिसते. सग्वारोच्या खोडास उभ्या घड्या असतात; पाऊस पडला कीं उथळ पण दूरवर पसरलेलीं मुळें पाणी शोषितात, घड्या उलगडतात व खोड फुगतें. अवर्षणांत तें पुन्हां आकसतें. परंतु या काटकसरीचें मोल मोठें आहे. रात्रभरांत जेवढें आम्ल मावेल, तेवढाच उद्यांचा शिधा. त्यामुळें पहिल्या आठ वर्षांत रोप जेमतेम एक-दीड इंच वाढतें, आणि पहिली भुजा फुटण्यास बहुधा ५० ते ७५ वर्षें लागतात.

२०२३ सालीं फीनिक्स शहरांत ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस उष्णता ११० अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून वर गेली. कित्येक रात्रीं ती ९० अंशांखालींही उतरली नाहीं. रात्रच निवेना, तर छिद्रें उघडावीं केव्हां? कांहीं सग्वारोंच्या भुजा गळून पडल्या, कांहीं समूळ कोसळले.

अशा पडलेल्या देहांतही सांठा असतोच. त्यांतील कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांचें, गर कुजल्यावर, हळूहळू चुनखडीच्या द्रव्यांत रूपांतर होतें, व एके काळीं रात्रीच्या हवेंतून घेतलेल्या कर्बाचा तो अंश वाळवंटाच्या मातींत राहतो.