घरच्या काचपेटीतील गप्पी मासे : खाद्य आणि निगा

मुलांच्या हौसेखातर खेड्यापाड्यांतील घरांतही आता काचपेटीत गप्पी मासे पाळले जातात. बऱ्याच ठिकाणी पंधरा दिवसांतच मासे एकामागून एक मरू लागतात. मासे उपाशी असतील असे समजून खाद्य वाढविले जाते आणि नुकसान अधिकच होते. वास्तविक अशा पेटीतील मासे बहुधा उपासमारीने नव्हे, तर जादा खाद्यामुळे बिघडलेल्या पाण्याने मरतात.

पाणी का बिघडते?

माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेले खाद्य कुजल्याने पाण्यात अमोनिया तयार होतो. त्यामुळे कल्ल्यांना इजा होते. शेतात टाकलेल्या युरियापासून अमोनिया होतो व पुढे जमिनीतील जिवाणू त्याचे नायट्राइट आणि नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, हे आपणास ठाऊक आहे. अशाच प्रकारचे जिवाणू पेटीतील रेतीवर आणि गाळणीच्या स्पंजवर वाढतात. अमोनिया व नायट्राइट माशांना विषारी असतात. नायट्रेट त्यामानाने सौम्य असते. नव्या पेटीत हे जिवाणू पुरेसे वाढण्यास साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोपर्यंत मासे आणि खाद्य दोन्ही कमीच ठेवावे.

पेटीची तयारी

60 × 30 × 30 सें.मी. आकाराच्या पेटीत 25 सें.मी. उंचीपर्यंत पाणी भरल्यास ते 45 लिटर होते. सुरुवातीस 5 मासे सोडावेत. सहा आठवड्यांनंतर हळूहळू 15 पर्यंत वाढवावेत. एका नरामागे 2 ते 3 माद्या ठेवाव्यात. क्लोरीनयुक्त नळाचे पाणी उघड्या भांड्यात 24 तास ठेवून मगच वापरावे. विंधन विहिरीच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. ते हवेच्या पंपाने ढवळून घ्यावे. पाण्याचे तापमान 24 ते 28 अंश सेल्सिअस असावे.

घरगुती खाद्य

100 ग्रॅम खाद्यासाठी पुढील प्रमाण घ्यावे :

- मासळीची कुटी – 35 ग्रॅम
- शेंगदाणा पेंड – 30 ग्रॅम
- भाताचा कोंडा – 25 ग्रॅम
- गव्हाचे पीठ – 8 ग्रॅम
- जीवनसत्त्व व खनिज मिश्रण – 2 ग्रॅम

जीवनसत्त्व मिश्रण वगळून बाकी घटक बारीक दळून, चाळून, गरम पाण्यात मळावेत व 20 मिनिटे वाफवावेत. गोळा थंड झाल्यावर जीवनसत्त्व मिश्रण मिसळावे. सोऱ्यातून शेव पाडून सावलीत वाळवावी आणि बारीक चुरा करून कोरड्या बरणीत ठेवावी. बुरशी आलेली पेंड मुळीच वापरू नये.

खाद्य दिवसातून दोनदा, मासे 2 ते 3 मिनिटांत संपवतील इतकेच द्यावे. उरलेले लगेच काढून टाकावे. निरोगी मोठे मासे 2–3 दिवस खाद्याविना सहज राहतात. म्हणून गावाला जाताना एकदम जास्त खाद्य टाकून जाऊ नये. आठवड्यातून एक-दोनदा डासांच्या अळ्या किंवा पाणपिसवा स्वच्छ पाण्यात धुऊन द्याव्यात. त्या गटारातून आणू नयेत.

गप्पीची मादी साधारण चार आठवड्यांनी जिवंत पिले देते. मोठे मासे पिले खातात. त्यामुळे पिलांना लपण्यासाठी दाट पाणवनस्पती ठेवाव्यात.

निगा

1. दर आठवड्यास एक चतुर्थांश पाणी बदलावे. सर्व पाणी एकदम बदलू नये.
2. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्यावा. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने जिवाणू मरतात.
3. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागल्यास खाद्य थांबवावे, एक तृतीयांश पाणी बदलावे व हवेचा पंप चालू करावा.
4. औषध फवारणीची बादली पेटीसाठी कधीही वापरू नये. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशके अत्यल्प मात्रेतही माशांना मारक ठरतात. फवारणीनंतर हात साबणाने धुऊन, साबण पूर्ण निघाल्याशिवाय पेटीत घालू नयेत.

गप्पी हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील मासा आहे. पिले जास्त झाल्यास ती ओढ्यात किंवा नदीत सोडू नयेत. स्थानिक माशांना त्यांचा उपद्रव होऊ शकतो. जादा पिले शेजाऱ्यांच्या पेटीसाठी द्यावीत.