मान वर ठेव, मग कळेल

अगं, तू पाठवलेला घोडेस्वारीच्या तासाचा व्हिडिओ पाहिला. सरांनी ‘डायगोनल!’ म्हणून आवाज दिला की तुझी मान लगेच खाली. डोक्याचं वजन चार-पाच किलो असतं, बाई. ते पुढे झुकलं की खांदेही पुढे येतात, मांड सुटते आणि घोड्याच्या पुढच्या पायांवर भार पडतो. म्हणजे बरोबर डायगोनल शोधता शोधता बाकी सगळं बिघडतं. भजनात टाळ वाजवताना कुणी हाताकडे बघत बसतं का? हेही तसंच अंगानेच ओळखायचं असतं.

आधी कारण समजून घे. ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडक्या चालीत, घोड्याचा एक पुढचा पाय आणि त्याच्या तिरक्या बाजूचा मागचा पाय जोडीने उचलला जातो. या जोडीलाच डायगोनल म्हणतात आणि तिच्या ठोक्यावर स्वाराने खोगिरातून उठायचं-बसायचं. तू डावीकडे वळत गोल फिरतेस तेव्हा बाहेरचा, म्हणजे उजवा खांदा पुढे जाताना उठायचं. कारण त्याच वेळी आतला, म्हणजे डावा मागचा पाय पोटाखाली येत असतो. वळणावर जास्त कष्ट त्या पायाला. तू उठलीस की पाठ मोकळी होते आणि तो पाय नीट पुढे येतो. तो जमिनीवर टेकला की तू बसतेस.

आता हा आतला मागचा पाय न बघता ओळखायचा कसा? सुरुवात चालण्यातून कर. कुणालातरी घोडा धरून चालवायला सांग आणि डोळे मिट. मागचा डावा पाय उचलून पुढे येतो तेव्हा घोड्याचं पोट उजवीकडे झुलतं आणि तुझ्या कमरेची डावी बाजू जरा खाली जाते. ते जाणवलं की मोठ्याने ‘आता’ म्हण. बरोबर की चूक ते शेजारी चालणारा सांगेल. हे कंटाळवाणं वाटेल, पण यावरच पुढचं सगळं उभं आहे.

मग ट्रॉट. लगेच उठू नकोस. काही पावलं बसून राहा आणि कमरेची तीच घसरण शोध. ती आता छोटी आणि पटकन येते. आतली बाजू खाली जाऊन पुढे सरकली, की त्याच ठोक्याला उठायचं. आधी अंदाज मोठ्याने बोल आणि मगच बाहेरच्या खांद्याकडे बघ, तेही फक्त डोळे खाली करून. आधीच बघितलंस तर अंगाला शिकायची गरजच उरत नाही.

एक सावधगिरी बाळग. जे सुखाचं वाटतं ते बरोबरच असेल असं नाही. बहुतेक घोड्यांची एक लाडकी बाजू असते आणि ते स्वारालाही त्याच डायगोनलवर उचलून टाकतात. त्यामुळे एका दिशेला तू आपोआप बरोबर ठरतेस आणि दुसरीकडे कायम गोंधळतेस. म्हणून 20 मीटरच्या गोलात मुद्दाम बदलून बघ. बस-बस-ऊठ, एक ठोका जास्त बसलं की डायगोनल बदलतो. दोन्हीकडे काही पावलं जा. चुकीच्या बाजूला तू बाहेर ढकलली जातेस का, ठोका अडखळतो का, ते नीट पारख. गोल जरा लहान केलास की फरक ठळक होतो.

आणि स्वतःकडेही बघ. मांडी घालून बसताना तुझा उजवाच पाय वर असतो, लहानपणापासून. कंबर एका बाजूला आखडलेली असेल तर तिथली हालचाल कशी कळणार? पाय बदलून बसायची सवय लाव. रिकिबी सारख्या लांबीच्या आहेत ना, तेही तपास.

दोन-चार फेऱ्या चुकीच्या डायगोनलवर झाल्या तर घोड्याचं काही बिघडत नाही, लगेच ओशाळून जाऊ नकोस. मात्र बाहेर सरळ रस्त्यावर रपेट करताना अधूनमधून बदलत राहा, नाहीतर त्याच्या पाठीच्या एकाच बाजूवर भार पडत राहील.

पुढच्या तासाला सरांना आधीच सांग, ‘मी अंदाज सांगते, तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणा.’ शिकवणाऱ्यालाही असा विद्यार्थी आवडतो.

— ताई