गोडा मसाला परदेशी धाडण्यापूर्वी

भारतीय शाकाहारी अन्नास परदेशांत मागणी आहे किंवा नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. ही मागणी आपल्या हातून निसटते ती मालाच्या सदोषतेमुळे क्वचितच. वेष्टनावर जे लिहायचे राहून जाते त्यामुळेच ती बहुधा निसटते, असे निर्यातीचे दस्तऐवज हाताळताना माझे मत बनले आहे.

परिचयातील एका भगिनींच्या गृहोद्योगाने युरोपातील खरीददाराकडे गोडा मसाला रवाना केला. मसाला निर्मळ, चवीला अव्वल, आणि धणे, तीळ, खोबरे, दगडफूल, हिंग अशी साऱ्या घटकांची यादीही वेष्टनावर छापलेली. परंतु तेथील तपासणीत गव्हाचा अंश आढळला आणि खरीददाराने माल नाकारला. गव्हाचा दाणाही ज्यांच्या कारखान्यात आलेला नव्हता त्या भगिनींना हे कोडे कसे उलगडावे? उगम हिंगात होता. आपण वापरतो तो बांधानी हिंग बहुधा मैदा अथवा तांदळाचे पीठ आणि डिंक मिसळून सिद्ध केलेला असतो, आणि ज्यांना गव्हाचे वावडे आहे त्यांच्यासाठी गव्हाचा उल्लेख युरोपात कायद्याने सक्तीचा आहे. कष्टाने कमावलेले भांडवल त्या एका गाळलेल्या शब्दापायी गुदामभाड्यात आणि परतीच्या जहाजभाड्यात गेले, याची खंत मला आजही वाटते.

म्हणून हिंग घेताना व्यापाऱ्याकडून त्यातील घटकांची लेखी कबुली घ्यावी. तांदळाच्या पिठाचा हिंग मिळत असेल तर तोच पत्करावा. तिळाबाबत दुहेरी दक्षता हवी. युरोपात तीळ, मोहरी, शेंगदाणे, दूध ही नावे घटकांच्या यादीत ठळक छापावी लागतात, आणि अमेरिकेनेही १ जानेवारी २०२३ पासून तिळाचा उल्लेख अनिवार्य केला आहे. शिवाय जंतुनाशनासाठी वापरला जाणारा इथिलीन ऑक्साइड वायू युरोपात अन्नासाठी निषिद्ध असून, २०२० साली भारतीय तिळात त्याचा अंश सापडल्यावर तेथील दुकानांतून कितीतरी पदार्थ परत घ्यावे लागले. तेव्हा तीळ कोणत्या रीतीने निर्जंतुक केले, याची रुजुवात खरेदीच्या वेळीच करावी. शेंगदाण्याची चटणी पाठवणारांनी बुरशीजन्य अफ्लाटॉक्सिनची परीक्षा करून घ्यावी, कारण थेट खाण्याच्या शेंगदाण्यात एका किलोमागे एकूण चार मायक्रोग्रॅमहून अधिक अंश युरोप चालवून घेत नाही. तुपातील मिठाई युरोपास धाडण्याचा मनसुबा तूर्त सोडावा. भारतीय दुग्धपदार्थांस तेथे प्रवेश नाही.

आपल्याकडील हिरव्या ठिपक्यावर विसंबून राहू नये. ते चिन्ह भारतीय कायद्याचे आहे, परक्या बंदरावर ते घटकांच्या यादीची जागा घेत नाही. पहिली रवानगी अल्प ठेवा, वेष्टनाचा मसुदा खरीददाराकडून लेखी मंजूर करून घ्या, आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा दाखला हाती पडेपर्यंत माल बंदराकडे हलवू नका.